पाय टिकतो तो सॉकेटवर

कृत्रिम गुडघा माणसाला बसवण्याजोगा आहे हे सिद्ध करायचं, तर त्याला आधी यंत्रावर ३० लाख पावलं चालावं लागतं. आयएसओ १०३२८ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची ही अट आहे. नमुना पोलादी चौकटीत पकडतात आणि दट्ट्या त्यावर भार देत-काढत राहतो. टाच टेकताना पडणारा भार एका चाचणीत, चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलताना पडणारा भार दुसऱ्या चाचणीत. सेकंदाला एक पाऊल या वेगाने यंत्र रात्रंदिवस चालवलं, तरी एका चाचणीला जवळपास ३५ दिवस लागतात. रोज त्या पायाने २,००० पावलं टाकणाऱ्या माणसाची ही साधारण चार वर्षांची चाल झाली.

त्याच पायाचा सर्वांत वरचा भाग मात्र सहसा या यंत्रावर चढतच नाही. तो म्हणजे सॉकेट. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पायाला दवाखान्यात आणि वर्कशॉपमध्ये सगळे ‘स्टंप’ म्हणतात. हा स्टंप ज्या कवचात बसतो, ते सॉकेट. गुडघे, नळ्या, पावलं कारखान्यात हजारोंनी बनतात, त्यामुळे त्यांतली काही मोडून पाहणं परवडतं. सॉकेट एकाच माणसासाठी, त्याच्या एकाच पायासाठी बनतं. ते मोडून तपासलं, तर रुग्णाला द्यायला काही उरत नाही. शेजारच्या रुग्णाचं सॉकेट मोडून मिळालेला आकडा याला लागू होईल, याचीही खात्री नसते.

कृत्रिम पायाच्या सगळ्या साखळीत माणसाच्या कातडीशी थेट नातं असलेला भागच असा सर्वांत कमी तपासला जातो. विमानांत वापरलं जाणारं कार्बन फायबर आता या कवचात आलं आहे, त्यामुळे हा प्रश्न मागे पडला असं वाटू शकतं. प्रत्यक्षात तो अधिक टोकदार झाला आहे. सॉकेटची ताकद कापडाच्या किमतीवर ठरत नाही. ते कापड कोणी, कोणत्या दिशेने, किती थरांत घातलं आणि त्यात रेझिन किती मुरलं, यावर ती ठरते. हे काम माणसाच्या हातून होतं. म्हणून त्या हाताच्या कामाची मोजणी करण्याची सोय उभी करणं, हे या क्षेत्रातलं आजचं सर्वांत निकडीचं काम आहे.

नडगीवर पडलेला भार

गुडघ्याखाली पाय कापला गेला, की शरीराचं वजन तळव्याऐवजी नडगी आणि पोटरीच्या कातडीवरून जमिनीकडे जाऊ लागतं. तळव्याची कातडी जाड असते आणि तिच्याखाली चरबीची गादी असते. नडगीवरची कातडी पातळ, आणि तिच्याखाली लगेच हाड. चालताना एका पायावर शरीराच्या वजनापेक्षा दहा ते वीस टक्के जास्त भार येतो. धावताना, जिना उतरताना तो आणखी वाढतो. हा सगळा भार पेलण्यासाठी निसर्गाने न घडवलेल्या जागेवर पेलायचा असतो.

म्हणून सॉकेट बनवणारा प्रोस्थेटिस्ट आधी बोटांनी चाचपून पायाचा एक नकाशा तयार करतो. गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा दाब सहन करतो. नडगीच्या हाडाचा वरचा, आतल्या बाजूचा पसरट भाग सहन करतो. मागची पोटरी सहन करते. नडगीची पुढची धार मात्र सहन करत नाही. बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं वरचं टोक आणि त्याला वळसा घालून जाणारी नस तर मुळीच नाही. हाड जिथे कापलेलं असतं ते खालचं टोकही नाजूक असतं. जिथे सोसतं तिथे थोडं दाबायचं आणि जिथे सोसत नाही तिथे जागा सोडायची, हा सॉकेटच्या रचनेचा पाया.

दाबाचं गणित कडक आहे. कातडीतल्या बारीक केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा मानला जातो. चालताना सॉकेटच्या आत काही ठिकाणी याच्या कितीतरी पट दाब येतो. पाऊल उचललं की तो ओसरतो आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. म्हणूनच चालणं शक्य होतं, आणि म्हणूनच तासन्‌तास एका जागी उभं राहणं कधीकधी चालण्याहून जड जातं. दाबापेक्षाही वाईट म्हणजे घासणं. सॉकेट सैल असेल तर दर पावलाला स्टंप आत वर-खाली होतो. कातडी सोलवटते, फोड येतात, आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तो फोड पुढच्या शस्त्रक्रियेचं कारणही ठरू शकतो.

त्यात स्टंपचं माप एक राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष सूज उतरत जाते, स्नायू आटतात आणि स्टंप बारीक होत जातो. एका दिवसातही सकाळचा स्टंप आणि संध्याकाळचा स्टंप यांत फरक पडतो. पाय वापरणारी माणसं त्यासाठी जास्तीचे मोजे जवळ ठेवतात आणि दुपारनंतर एखादा आणखी चढवतात. सहा महिन्यांपूर्वी अंगचं वाटणारं सॉकेट आज लटपटतं, तेव्हा दोष बनवणाऱ्याचाच असतो असं नाही. शरीर बदललेलं असतं, कवच तसंच राहिलेलं असतं.

लाकूड, धातू, कापड

या कवचाच्या इतिहासावर युद्धांचा ठसा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ मध्ये, जेम्स हँगर या अठरा वर्षांच्या सैनिकाचा पाय गेला. त्याने पिंपाच्या लाकडी पट्ट्या तासून स्वतःसाठी पाय बनवला आणि पुढे त्याचाच व्यवसाय उभा केला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या ४१,००० हून अधिक सैनिकांनी हात किंवा पाय गमावले. लंडनजवळ रोहॅम्प्टन इथे १९१५ मध्ये क्वीन मेरी रुग्णालय त्यांच्यासाठीच सुरू झालं. तेव्हाची सॉकेट लाकूड कोरून किंवा चामडं ओलं करून, साच्यावर ताणून बनवत. लाकूड ओलाव्याने बिघडे, चामड्याला घामाचा वास धरे.

धातू आला तो विमानाच्या बाजूने. वैमानिक मार्सेल डिसूटर यांनी १९१३ मध्ये विमान अपघातात पाय गमावला. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी त्यांच्यासाठी ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचा पाय बनवला. आकाशात वजन वाचवणारी सामग्री जमिनीवर चालणाऱ्या माणसाच्या कामी येते, हा सिलसिला तेव्हापासून आजच्या कार्बन फायबरपर्यंत चालत आला आहे.

सॉकेटचा आकार शास्त्राच्या आधारे ठरवण्याचं काम दुसऱ्या महायुद्धानंतर झालं. अमेरिकन सरकारने १९४५ पासून कृत्रिम अवयवांच्या संशोधनाला पाठबळ दिलं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या अभियंत्यांनी चालण्याचं मोजमाप सुरू केलं. तोवर गुडघ्याखालच्या पायाला मांडीभोवती चामड्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी सांधे लागत, कारण बराच भार मांडीवर टाकावा लागे. बर्कलीच्या चमूने १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाटीखालच्या कंडऱ्यावर मुख्य भार घेणारं आणि स्टंपला सगळीकडून स्पर्श करणारं सॉकेट मांडलं. चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फूर्ट यांची त्यावरची पुस्तिका १९६१ मध्ये आली. मांडीचा पट्टा सुटला. ‘पीटीबी’ या नावाने ओळखलं जाणारं हे सॉकेट आजही जगभरच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं जातं.

त्याच सुमारास सामग्रीही बदलली. नायलॉनची विणलेली नळी प्लास्टरच्या साच्यावर चढवायची, तिच्यात पॉलिएस्टर रेझिन मुरवायचं आणि ते कडक होऊ द्यायचं. कापड आणि रेझिन यांच्या जोडीतून बनलेलं हे साधं कंपोझिट. पुढे नायलॉनच्या जागी काच आली, १९८० च्या दशकात कार्बन आला. पॉलिएस्टरबरोबर ॲक्रिलिक आणि इपॉक्सी रेझिनं आली. मुळातली कृती मात्र फारशी बदलली नाही.

आइसलंडच्या ऑसुर क्रिस्टिन्सन यांनी आणखी एक मोठं वळण दिलं. ते स्वतः प्रोस्थेटिस्ट होते आणि स्वतः कृत्रिम पाय वापरत. त्यांनी १९८० च्या दशकात सिलिकॉनचा लायनर आणला. कातडीवर गुंडाळून चढवायचा हा मऊ मोजा घासणं स्वतःवर घेतो आणि दाब पसरवतो. त्यांचाच दुसरा विचार रचनेचा होता. आतलं कवच लवचीक ठेवायचं आणि त्याभोवती कडक चौकट फक्त भार वाहणाऱ्या जागी ठेवायची. आइसलंड, स्वीडन आणि न्यूयॉर्क यांच्या सहकार्यातून १९८३ च्या सुमारास हे सॉकेट पुढे आलं. कडकपणा सगळीकडे लागत नाही, हा धडा कंपोझिट वापरणाऱ्यांना तिथून मिळाला.

पुणे, हाजी अली, जयपूर

भारतातली या कामाची सुरुवात महाराष्ट्रातली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात आर्टिफिशियल लिम्ब सेंटर सुरू झालं. लष्कराच्या या संस्थेने पुढे नागरिकांनाही पाय बसवले. मुंबईत हाजी अलीला १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. तिथे उपचारांबरोबर प्रोस्थेटिस्ट घडवण्याचं शिक्षणही दिलं जातं.

जयपूरची वाट वेगळी. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचं पाऊल घडवलं. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, चिखलात पाय टाकता यावा, या गरजांतून ते जन्मलं. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते लाखो लोकांपर्यंत नेलं. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन हा पाय लावून पुन्हा रंगमंचावर नाचल्या, तेव्हा ‘जयपूर फूट’ हे नाव घराघरांत पोचलं.

नाव पावलाचं झालं, पण जयपूरच्या यशात वरच्या कवचाचाही मोठा वाटा आहे. सुरुवातीला ठोक्याचं काम करणारे कारागीर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच घडवत. नंतर एचडीपीईचा, म्हणजे पाण्याच्या पाइपाला वापरतात त्या प्लास्टिकचा, पाइप भट्टीत मऊ करून प्लास्टरच्या साच्यावर ओढण्याची पद्धत आली. एका दिवसात माप आणि पाय दोन्ही होऊ लागलं. एचडीपीईचा मोठा गुण म्हणजे ते पुन्हा तापवून सुधारता येतं. एखाद्या जागी टोचत असेल, तर तेवढाच भाग गरम करून फुगवता येतो. त्याचा दोष म्हणजे ते भाराखाली हळूहळू आकार सोडतं आणि पुरेशी ताकद हवी तर जाड ठेवावं लागतं.

कार्बनच्या कंपोझिटचं नेमकं उलटं. ते पातळ, हलकं आणि ताठ असतं, वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. पण एकदा कडक झालं की तापवून वळवता येत नाही, फक्त घासता येतं. म्हणून ते बनवण्याआधीच सगळं बरोबर असावं लागतं.

वर्कशॉपमध्ये काय घडतं

कंपोझिट सॉकेटचं काम प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांनी सुरू होतं. स्टंपवर ओल्या पट्ट्या गुंडाळून, अंगठ्यांनी वाटीखाली दाब देऊन माप घेतात. त्या पोकळ मापात प्लास्टर ओतून स्टंपची घन प्रतिकृती काढतात. मग खरी कारागिरी. दाब सोसणाऱ्या जागी प्रतिकृती कानशीने काही मिलिमीटर उतरवायची, नाजूक जागी प्लास्टरची भर घालायची. आता हे काम स्कॅनर आणि संगणकावरही होतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जेम्स फूर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच त्याची सुरुवात केली होती. पण पडद्यावरही कुठे उतरवायचं आणि कुठे भरायचं, हा निर्णय माणसाचाच राहतो.

मग येतं चाचणीचं सॉकेट. पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकचं हे कवच रुग्णाला घालून उभं करतात. दाब जास्त असलेली जागा आरपार दिसते, कारण तिथली कातडी पांढरी पडते. तापवून, घासून, भर घालून हे कवच जमेपर्यंत सुधारतात. घाईच्या शिबिरांत हीच पायरी गाळली जाते आणि तिची किंमत रुग्णाची कातडी भरते.

जमलेल्या आकारावर मग अंतिम कंपोझिट. साच्यावर पीव्हीए प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर कापडाचे थर. आत मऊ विणीचं स्टॉकिनेट, मग कार्बनची वेणीसारखी विणलेली नळी, भार जास्त तिथे एका दिशेच्या धाग्यांच्या पट्ट्या, पुन्हा स्टॉकिनेट. खालच्या टोकाला नळी जोडायची धातूची पट्टी थरांमध्ये बसवतात. वर दुसरी पिशवी. व्हॅक्यूम पंप सुरू होतो, हार्डनर घातलेलं रेझिन वरून ओतलं जातं आणि कारागीर हाताने, दोरीने ते खाली रेटत नेतो. हार्डनर पडल्यापासून घड्याळ चालू झालेलं असतं. रेझिन तापू लागतं, दाट होऊ लागतं, आणि तेवढ्या वेळात ते धाग्याधाग्यांत पोचलं पाहिजे.

मातीच्या भिंतीत भुसा घालतात तसं इथे काम वाटलेलं असतं. ताण धागा घेतो, धाग्यांना जागेवर धरून ठेवण्याचं काम रेझिन करतं. ॲल्युमिनियमपेक्षा कार्बनचा धागा तिपटीहून अधिक ताठ असतो आणि वजन त्याच्या दोन तृतीयांश. पण हा ताठपणा फक्त धाग्याच्या दिशेने मिळतो, आडवा धागा उभ्या वाकण्याला रोखत नाही. चालताना सॉकेट पुढे-मागे वाकतं, म्हणून काही धागे उभे लागतात. पाऊल वळताना ते पिळलं जातं, म्हणून काही धागे तिरपे, पंचेचाळीस अंशांत लागतात. नळीसारखी वेणी स्टंपच्या जाड भागावर फुगते आणि बारीक भागावर ताणली जाते. तशी तिच्या धाग्यांची दिशाही बदलते. एकाच कापडाचं एकाच सॉकेटमध्ये वर आणि खाली वेगळं बळ असू शकतं.

रेझिनचंही तसंच. कमी पडलं तर धागे कोरडे राहतात आणि थर सुटतात. जास्त झालं तर वजन वाढतं, ताकद वाढत नाही आणि रेझिनचे डोह साचलेल्या जागी तडा जायला वाट मिळते. हवेचा बुडबुडा राहिला तर तोही तडा सुरू होण्याची जागा. हे सगळं बाहेरून पाहून कळत नाही. कार्बनची काळी, चकचकीत वीण सारखीच देखणी दिसते.

कार्बनचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. नायलॉन किंवा एचडीपीई मोडण्याआधी वाकतं, पांढरं पडतं, इशारा देतं. कार्बन सहसा इशारा न देता तुटतं आणि तुटलेली कड धारदार असते. म्हणून जाणकार कारागीर कार्बनच्या आत-बाहेर नायलॉनचे किंवा ॲरॅमिडचे थर ठेवतात. कवच तडकलं तरी तुकडे एकमेकांना धरून राहतील आणि माणूस एकदम कोसळणार नाही, एवढी सोय त्यातून होते.

यंत्रावर चढलेलं सॉकेट

१९९९ मध्ये ‘प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात एक निबंध आला. त्यात संशोधकांनी गुडघ्याखालची कंपोझिट सॉकेट यंत्रावर चढवून मोडेपर्यंत भार दिला. मजबुतीची कापडं पाच प्रकारची, रेझिनं दोन प्रकारची. कसोटी म्हणून १०० किलोच्या माणसाला लागू असणारा आयएसओ १०३२८ मधला चवड्यावरचा भार घेतला होता. तो ४,०२५ न्यूटन, म्हणजे सुमारे ४१० किलो वजनाइतका. गुडघे आणि पावलं तो सोसून दाखवतात. तपासलेल्या सॉकेटांपैकी एकही त्यात उत्तीर्ण झालं नाही.

तुटण्याची जागा अधिक बोलकी होती. सगळी सॉकेट खालच्या टोकाला, पिरॅमिडच्या आकाराचा जोड जिथे बसवतात तिथेच मोडली. जर्मनीच्या ऑटो बॉक कंपनीने १९६९ मध्ये या जोडाचं पेटंट घेतलं आणि त्यामुळे पायाचे सुटे भाग बदलणं, पायाचा कोन जुळवणं सोपं झालं. पण मऊ वळणाचं कवच आणि ताठ धातू तिथे एकत्र येतात, धागे पट्टीच्या कडेला वळतात आणि पूर्ण पायाचं वाकणं त्या कडेवर एकवटतं. कार्बनने काचेपेक्षा चांगली कामगिरी केली, हे याच अभ्यासात दिसलं. तरी नुसतं कापड भारी घेऊन भागत नाही. धागे नेमके त्या टोकाला कसे वळवले, हे पाहावं लागतं.

पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत ९८ सॉकेटांवर अशीच मोजणी झाली. चाचणीची पारदर्शक सॉकेट, तापवून घडवलेली प्लास्टिकची सॉकेट आणि कंपोझिटची अंतिम सॉकेट, असे तिन्ही प्रकार त्यात होते. सामग्री आणि बांधणीची पद्धत बदलली की ताकद किती बदलते, आणि कंपोझिटच्या कामात एकसारखेपणा किती कमी आहे, हे त्यातून समोर आलं.

सॉकेटची चाचणी घेणंही सोपं नाही. रिकामं कवच यंत्रात दाबून उपयोग नाही, आत स्टंप हवा. त्यासाठी खोटा स्टंप बनवतात. आत कडक गाभा हाडासारखा, त्याभोवती मऊ थर मांसासारखा. हा थर किती मऊ ठेवला यावर भार कुठे जातो ते बदलतं. गाभा फार कडक ठेवला तर सगळा जोर खालच्या टोकावर जातो आणि निकाल खऱ्या चालण्यापासून दूर जातो. सॉकेटसाठी आयएसओ १०३२८ मध्ये वेगळी पद्धत ठरवलेली नाही, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा आपापला स्टंप, आपापली पकड वापरते. मग दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून बोलणं कठीण होतं.

दुखणं मोजायचं कसं

न मोडणारं सॉकेटही वाईट असू शकतं. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धात हात-पाय गमावलेली अनेक माणसं मिळालेला पाय वापरत नाहीत, कारण सॉकेट दुखतं, हे तिथे लहानाचे मोठे झालेले डेव्हिड सेंगे यांनी पाहिलं होतं. पुढे ते अमेरिकेतल्या एमआयटीत गिर्यारोहक-अभियंता ह्यू हर यांच्या प्रयोगशाळेत पोचले. हर यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ मध्ये बर्फातल्या मुक्कामानंतर गेलेले. या दोघांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात स्टंपचा एमआरआय काढला, कुठे ऊती मऊ आणि कुठे हाड जवळ हे त्यावरून ठरवलं, आणि मऊ-कडक अशा वेगवेगळ्या पदार्थांचं एकसंध सॉकेट त्रिमितीय छपाईने बनवलं. हाड जवळ तिथे कवच मऊ, मांस जाड तिथे कडक. नेहमीच्या सॉकेटपेक्षा बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकाजवळ दाब उतरल्याचं त्यांच्या मोजणीत दिसलं.

छापील सॉकेटचा उत्साह जगभर आहे आणि तो समजण्यासारखा आहे. साच्याचा कचरा नाही, फाइल दूरच्या गावी पाठवता येते. पण थरावर थर ठेवून छापलेला पदार्थ दोन थरांच्या मधल्या रेषेत कमकुवत असतो, आणि सॉकेट वाकताना नेमकी तीच रेष ताणली जाऊ शकते. म्हणून त्यालाही यंत्रावर चढावंच लागेल.

सॉकेटच टाळण्याचा मार्गही आहे. स्वीडनमध्ये १९९० मध्ये मांडीच्या हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून त्यालाच पाय जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. ज्यांना सॉकेट सहनच होत नाही, त्यांना तिने मोठा दिलासा दिला आहे. पण कातडीतून बाहेर आलेला धातू, जंतुसंसर्गाचा धोका आणि खर्च पाहता भारतातल्या बहुतेकांचं चालणं अजून बराच काळ सॉकेटवरच राहील.

आपल्याकडे

२०११ च्या जनगणनेत भारतात हालचालीचं अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५४ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांत पाय गमावलेले सगळे नाहीत, पण रस्त्यांवरचे आणि रेल्वेचे अपघात, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार यांमुळे ही गरज सतत वाढती आहे.

संरक्षण-संशोधनातली कंपोझिटची जाण वैद्यकात आणण्याची आपल्याकडे परंपरा आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या अस्थिरोगतज्ज्ञाने पोलिओ झालेल्या मुलांचे तीन-तीन किलोंचे कॅलिपर दाखवले आणि क्षेपणास्त्रांच्या प्रयोगशाळेने त्याऐवजी ३०० ग्रॅमचे कॅलिपर बनवले, ही आठवण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अनेक भाषणांत सांगितली. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये ‘कदम’ हा देशी बनावटीचा गुडघा आणला. डीआरडीओची हैदराबादची प्रयोगशाळा आणि बीबीनगरचं एम्स यांनी २०२५ मध्ये कार्बन फायबरचं पाऊल सादर केलं. १२५ किलोपर्यंतच्या भारासाठी त्याची चाचणी झाली आहे, आणि आयात केलेल्या पावलाच्या तुलनेत त्याची किंमत कितीतरी कमी असेल असं सांगितलं गेलं.

या सगळ्या कामाचा अभिमान वाटावा असंच ते आहे. आता त्याच ताकदीने सॉकेटकडे वळायला हवं, कारण प्रयोगशाळेत पारखलेलं पाऊल शेवटी एखाद्या जिल्ह्याच्या गावी, न पारखलेल्या कवचाला जोडलं जातं.

आपल्याकडच्या वापराचे प्रश्नही वेगळे आहेत. मांडी घालायची, उकिडवं बसायचं तर गुडघा खूप वाकतो आणि सॉकेटची मागची कड मांडीच्या शिरांत रुतते. ती कड खाली घेतली तर बसणं सुखाचं होतं, पण कवचाचा आधार कमी होतो आणि तिथले थर बळकट करावे लागतात. उन्हाळ्यात सिलिकॉनच्या लायनरमध्ये घाम साचतो आणि स्टंप निसटू लागतो. भाताच्या खाचरात उभ्या राहणाऱ्या माणसाला जोडातले स्क्रू गंजू न देणारं, रोज धुता येणारं कवच हवं. इंडोनेशियात रॅमी या वनस्पतीचा धागा आणि इपॉक्सी यांची सॉकेट बनवून तपासली गेली. असे धागे स्वस्त आणि हलके असतात, पण ओलावा पितात, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात त्यांची परीक्षा आधी घ्यावी लागेल. आणि सगळ्यांनाच कार्बन हवं असं मुळीच नाही. ज्याचा स्टंप अजून बदलतो आहे, त्याला तापवून सुधारता येणारं एचडीपीईच सोयीचं.

प्रत्येक सॉकेट मोडून पाहता येत नसलं, तरी कृती तपासता येते. एकाच आकाराच्या साच्यावर, नेहमीच्या थरांनी, नेहमीच्या रेझिनने दोन-तीन सॉकेट फक्त मोडण्यासाठी बनवायची. त्यांनी ठरलेला भार सोसला, की त्या वर्कशॉपची ती कृती पक्की. मग रुग्णांसाठी तीच कृती, तेच थर, तेच प्रमाण पाळायचं आणि कारागीर किंवा कापड बदललं की पुन्हा तपासायचं. रोजच्या कामात वजनकाटा पुरतो. कोरड्या कापडाचं वजन आणि छाटण्याआधीच्या कडक कवचाचं वजन नोंदवलं, की रेझिन किती गेलं ते कळतं. समजा कापड २०० ग्रॅम होतं आणि कवच ५०० ग्रॅम भरलं, तर त्यात धागा ४० टक्के आहे. पुढच्या आठवड्यात तेवढ्याच कापडाचं कवच ६५० ग्रॅम भरलं, तर कुठेतरी हात चुकतो आहे.

त्याबरोबर प्रत्येक सॉकेटची एक नोंद हवी. थर किती, कोणत्या दिशेने, रेझिन कोणतं, हार्डनर किती, तारीख, आणि पाय घेऊन गेलेल्या माणसाचं तीन महिन्यांनी, वर्षाने म्हणणं काय. कातडी कशी आहे, दिवसाला किती तास पाय घालतो, किती मोजे चढवतो. तडकलेलं सॉकेट परत आलं तर ते भंगारात न टाकता कुठे आणि कसं तुटलं हे लिहून ठेवायचं. शिबिरांत वाटलेल्या पायांच्या संख्येबरोबर वर्षभराने वापरात असलेल्या पायांची संख्या जाहीर झाली, तर देणगीदारांनाही आपला पैसा कुठे कामी आला ते कळेल. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे प्रोस्थेटिस्टांची नोंदणी होतेच. वर्कशॉपच्या कृतींची नोंद ही त्यापुढची पायरी होऊ शकते.

३० लाख पावलांचं यंत्र महाग असतं आणि ते मोजक्या ठिकाणीच परवडेल. मोडेपर्यंत भार देण्याची चाचणी मात्र काही मिनिटांत होते, आणि तिला लागणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतं. तिथे विद्यार्थी सळ्या ताणतात आणि काँक्रीटचे ठोकळे फोडतात. त्या मशिनात सॉकेट धरण्यासाठी दोन पकडी आणि एक ठरावीक मापाचा खोटा स्टंप लागेल. पुण्याच्या आणि हाजी अलीच्या संस्थांनी त्यांचे नकाशे तयार करून सगळ्यांना खुले केले, तर जिल्ह्याच्या गावातलं वर्कशॉप आणि जवळचं महाविद्यालय मिळून पुढच्या सत्रातच पहिलं सॉकेट मोडून पाहू शकतील.